बंदूकवाले उभे आहेत, पण गोळी सुटत नाही: टोटल वॉर वॉरहॅमर ३ मधला नेहमीचा घोळ

एम्पायरची, म्हणजे खेळातल्या माणसांच्या राज्याची, फौज. पुढे भालेवाल्यांच्या चार तुकड्या, मागे हँडगनर्सच्या, म्हणजे बंदूकवाल्यांच्या, चार. शत्रू चालत येतो, भालेवाल्यांना भिडतो, आणि मागची ३६० माणसं बंदूक धरून पुतळ्यासारखी उभी. तुकडीच्या कार्डावर, म्हणजे पडद्यावरच्या माहितीच्या चौकटीत, दारूगोळा भरलेला, मारलेल्यांचा आकडा शून्य. वैतागून शत्रूवर उजवं क्लिक केलं तर हीच माणसं गोळी झाडायची सोडून पुढे चालायला लागतात आणि आपल्याच भालेवाल्यांच्या पाठीवर जाऊन आदळतात.

टोटल वॉर वॉरहॅमर ३ हा फौजा लढवायचा संगणकावरचा खेळ १७ फेब्रुवारी २०२२ ला आला तेव्हापासून ही तक्रार सुरू आहे. एप्रिल २०२४ मध्ये 'थ्रोन्स ऑफ डिके' ही खेळाची जोड आली, एल्स्पेथ ही एम्पायरची सेनानायिका आणि तिची न्यूल्न शहरातली बंदुकांची फौज हाती आली, तशी ती आणखी वाढली. आधी कधी बंदुकीला हात न लावलेली मंडळी एकदम दहा-दहा तुकड्या घेऊन मैदानात उतरली, आणि धनुर्धाऱ्यांना ठेवत होती तिथेच त्यांना उभं करून मोकळी झाली. ज्याला सगळे बग म्हणतात तो बहुतेक वेळा बग नसतो. बाण वर चढून खाली उतरतो, बंदुकीची गोळी जवळपास सरळ जाते, आणि हा खेळ ते खरोखर मोजतो. मध्ये आपलाच माणूस असेल तर बंदूकवाला बार काढत नाही.

आधी नेमकं काय होतंय ते बघा, कारण बाहेरून सगळं सारखंच दिसलं तरी कारणं निराळी असतात. अख्खी तुकडी गप्प असेल तर बटणं किंवा पल्ला तपासा. काही जण झाडतात आणि बाकीचे बघत बसतात, असं असेल तर अडथळा किंवा कोन चुकलाय. झाडायच्या ऐन वेळी मागे पळत असतील तर 'स्कर्मिश' हे बटण चालू राहिलंय. आणि हुकूम दिल्यावर पुढे चालत सुटत असतील तर त्यांना लक्ष्य दिसत नाहीये, ते दिसावं म्हणून जागा शोधत निघालेत.

बटणं

यात अर्धं मिनिटही जात नाही, म्हणून हे आधी उरकून घ्या. तुकडी निवडा आणि खालच्या पट्टीत बघा.

'फायर ॲट विल' बंद असेल तर हुकूम दिल्याशिवाय कोणी झाडणार नाही. दबा धरण्यासाठी किंवा दारूगोळा राखण्यासाठी ते बंद करायचं आणि लढाईच्या धांदलीत विसरून जायचं, हे हमखास घडतं.

'मेली' चालू राहिलं असेल तर तुकडी बंदूक खांद्याला टाकून हातघाईला धावते. ऑल्ट दाबून उजवं क्लिक केलं तरी तोच हुकूम जातो. ऑल्टवर बोट ठेवून कॅमेरा किंवा रांग हलवायची सवय असलेल्यांकडून हे नकळत होतं. तसं झालंच तर बॅकस्पेस दाबून तुकडी थांबवा आणि ऑल्ट सोडून पुन्हा साधं उजवं क्लिक करा.

'स्कर्मिश' म्हणजे शत्रू जवळ आला की मागे सरकायचं. घोडेस्वार धनुर्धाऱ्यांना ते शोभतं. फळीमागे उभ्या बंदूकवाल्यांना नाही. बगलेने एखादा शिकारी कुत्र्यांचा कळप किंवा एकटा हिरो जवळ आला तरी ९० माणसं पाठ फिरवतात, आणि पाठ फिरवली की बंदूक भरायचं कामही तिथेच सुटतं. पायदळ बंदूकवाल्यांसाठी हे बंदच ठेवा. दर लढाईत एकेक तुकडी धरून बंद करण्याचा कंटाळा असेल तर खेळाच्या सेटिंगमध्ये जाऊन सुरुवातीपासूनच बंद करून ठेवा.

दारूगोळा संपला की नाही तेही बघून घ्या. रिकाम्या तुकडीला उजव्या क्लिकने शत्रू दाखवला तर ती गुमान तलवारी उपसून धावत जाते. शंभरातले चाळीस मेल्यावर लक्षात येतं.

पल्ला आणि समोरचा पंखा

तुकडी निवडली की जमिनीवर पंख्यासारखा पट्टा उमटतो. हँडगनर्सचा पल्ला साधारण १४५ आहे, हाय एल्फ आर्चर्सचा १८०. पॅचागणिक, म्हणजे खेळाच्या दर सुधारणेगणिक, आकडे इकडेतिकडे होतात, तेव्हा कार्डावरचा आकडा बघायची सवय ठेवा. पंख्याच्या कडेला शत्रू असेल तर पुढची रांग झाडते आणि मागच्या रांगेला पल्ला पुरत नाही. तुकडी खोल रचली असेल तर हा फरक अधिकच जाणवतो.

पंख्याबाहेर, म्हणजे बाजूला किंवा मागे, शत्रू कितीही जवळ असला तरी उभी असलेली तुकडी स्वतःहून तिकडे तोंड फिरवत नाही. हुकूम दिला तर वळते, पण वळण्यात आणि पुन्हा रांग लावण्यात फैर वाया जाते. म्हणून शत्रू येणार ती दिशा ओळखून तुकडीचं तोंड आधीच तिकडे करून ठेवा.

वेळेचा हिशेब करून बघण्यासारखा आहे. कार्डावरच्या वेगाच्या आकड्याला १० ने भागलं की धावण्याचा वेग मिळतो, सेकंदाला मीटरमध्ये. वेग ३० असलेलं पायदळ १४५ मीटर ४८ सेकंदांत पार करतं. वेग ७० असलेलं घोडदळ २१ सेकंदांत. म्हणजे पायदळासमोर हातात पाऊण मिनिट आणि मोजक्या फैरी. त्यातली एखादी तोंड फिरवण्यात, एखादी जागा बदलण्यात गेली तर उरलं काय? पुन्हापुन्हा क्लिक करण्याची खोडही इथेच नडते. हुकूम एकदा द्या आणि हात मागे घ्या.

अडथळा

खरी मेख इथे आहे.

कॅमेरा खाली न्या, अगदी हँडगनरच्या खांद्यापर्यंत, आणि शत्रूच्या दिशेने बघा. समोर भालेवाल्यांचे पिसारे आणि पाठी दिसत असतील तर त्या बंदूकवाल्यालाही तेच दिसतंय. शत्रूची छाती दिसत नाही तोवर गोळी सुटणार नाही. वरून, पक्ष्याच्या नजरेने, मैदान सपाट आणि मोकळं वाटतं. खाली आल्यावर कळतं की मध्ये कमरेइतका उंचवटा आहे आणि त्यामागे शत्रूच्या फक्त टोप्या दिसतायत.

पण त्याच जागेवरून तुमचे हँडगनर्स एखाद्या राक्षसावर किंवा ड्रॅगनवर धडाधड झाडतात, कारण त्याचं धड सगळ्यांच्या डोक्यावर असतं. त्यामुळे 'कधी चालतं, कधी नाही' असं वाटतं. कोण झाडतंय याच्याइतकंच कोणावर झाडायचंय तेही बघा.

खात्री करून घ्यायची असेल तर कस्टम बॅटल, म्हणजे आपल्या मनाने जुळवलेली सुटी लढाई, लावा. मूळ खेळातल्या दोन जमाती पुरतात. तुमच्याकडे किस्लेव, शत्रूकडे नर्गल. सपाट मैदान निवडा. पुढे झार गार्ड या पायदळाच्या दोन तुकड्या, मागे एकीकडे धनुष्यवाले कोसार आणि दुसरीकडे बंदूकवाले स्ट्रेल्त्सी. शत्रूकडे फक्त प्लेगबेअरर हे नर्गलचं पायदळ. ते संथ चालतात आणि त्यांच्याकडे दुरून मारायला काही नसतं, त्यामुळे बघायला निवांत वेळ मिळतो. पी दाबून लढाई मधूनमधून थांबवा. दोन्ही फळ्या भिडल्या की कोसारांचे बाण झार गार्डच्या डोक्यावरून जात राहतील आणि स्ट्रेल्त्सींच्या बंदुका गप्प होतील. एकाच फळीमागे, एकाच अंतरावर. पाच मिनिटांच्या या खेळाने बग की आपली चूक हा वाद मिटतो.

उपाय तीन-चार आहेत, आणि प्रत्येकाला किंमत मोजावी लागते.

सगळ्यात भरवशाची रचना बुद्धिबळाच्या पटासारखी. तुकड्यांचा आकार सेटिंगमध्ये अल्ट्रा ठेवला तर हँडगनर्स ९० आणि भालेवाले १२० असतात. हँडगनर्स तीन रांगांत लावले की रुंदी ३० माणसांची. भालेवाले सहा रांगांत लावले की २० माणसांची. आता भालेवाल्यांच्या दोन तुकड्यांमध्ये साधारण हँडगनर्सच्या रुंदीएवढी फट ठेवा आणि त्या फटीच्या किंचित मागे, पाच-सात पावलांवर, हँडगनर्स उभे करा. फट अरुंद ठेवली तर कडेच्या दहा-दहा माणसांसमोर भालेवाल्यांचे खांदे येतात. "निम्मेच झाडतात" ही तक्रार नेमकी इथली. फट भलतीच रुंद ठेवली तर शत्रूचं घोडदळ तीतून सरळ आत. भालेवाल्यांना गार्ड मोड, म्हणजे जागा न सोडण्याचं बटण, लावायला विसरू नका. एकदा का ते पळणाऱ्यांच्या मागे धावले की तुमची काळजीपूर्वक राखलेली फट त्यांनीच बुजवून टाकली म्हणून समजा.

दुसरा प्रकार बगलेचा. फळीच्या दोन्ही टोकांना दोन-दोन तुकड्या, आतल्या बाजूला साधारण ४५ अंशात वळवलेल्या. फळ्या भिडल्यावरही त्यांना शत्रूची बाजू दिसत राहते. याचा आणखी एक फायदा असा की ढाल फक्त समोरून येणारा मारा अडवते, बगलेतून आलेल्या गोळीला ती आडवी येत नाही. ढालवाल्या पायदळासमोर निव्वळ कोन बदलल्याने मारलेल्यांचा आकडा बदललेला दिसेल. तोटा उघड आहे: टोकाच्या तुकड्या उघड्या पडतात. प्रत्येक टोकाला हॅलबर्डवाल्यांची एक तुकडी राखायला ठेवा, नाहीतर पहिल्याच घोडदळाच्या धडकेत डाव संपेल.

तिसरा म्हणजे चढ. तुमचे बंदूकवाले चढावर आणि फळी खाली उतारावर असेल तर डोक्यावरून गोळी जाते. मात्र उतार खरा हवा. नकाशावर जराशी हिरवी सावली दिसते तेवढ्याने काम होत नाही, आणि गुळगुळीत दिसणाऱ्या टेकडीच्या माथ्याच्या मागे उभं राहिलात तर माथाच आडवा येतो. माथ्यावर नाही, माथ्याच्या जरा पुढे, शत्रूकडच्या अंगाला उभे करा.

चौथा, बंदूकवाले फळीच्या पुढे ठेवून शत्रू जवळ येताच मागे घ्यायचे. ऐकायला सोपा, निभवायला सगळ्यात कठीण. चार तुकड्या एकाच वेळी भालेवाल्यांमधून मागे आल्या की गर्दी होते, रांगा मिसळतात, आणि शत्रूची धडक नेमकी त्या गोंधळावर बसते. दोन तुकड्यांपर्यंत ठीक. त्याहून जास्त असतील तर या वाटेला जाऊ नका.

कोणाच्या फौजेत काय वेगळं

ड्वार्फ थंडरर्स चिलखतात असतात, त्यामुळे त्यांना पहिल्या रांगेत ठेवलं तरी ते लगेच कोलमडत नाहीत. बुटके असल्याने मागे ठेवले तर दिसणं आणखी अवघड. क्वॅरेलर्स, म्हणजे त्यांचे क्रॉसबोवाले, मागे, आणि थंडरर्स हे बंदूकवाले पुढे किंवा टोकाला.

स्ट्रेल्त्सींच्या हातात बंदुकीसोबत कुऱ्हाडही आहे. पुढे ठेवा, झाडू द्या, शत्रू भिडला की तिथेच लढू द्या. त्यांना जपून मागे ठेवणं म्हणजे पैसे देऊन घेतलेलं अर्धं अंग वापरायचंच नाही असं ठरवणं.

कॅथेमध्ये हार्मनीमुळे फसगत होते. यिन आणि यांग तुकड्या जवळ असल्या की दोघींना लाभ, म्हणून आयर्न हेल गनर्स हे बंदूकवाले जेड वॉरिअर्स या पायदळाच्या थेट पाठीमागे चिकटवले जातात. जवळ असणं पुरेसं आहे. मागेच असायला हवं असं नाही. शेजारी ठेवा. हार्मनी टिकते आणि समोरचं मैदान मोकळं मिळतं. आयर्न हेलचा पल्ला आखूड आहे, तेव्हा दूरच्या माऱ्यासाठी क्रॉसबोवाले हवेतच.

ऑगरांची गोष्ट गमतीची. त्यांचे बंदूकवाले लेडबेल्चर उंच, पायदळातले नॉब्लर गुडघ्याएवढे. पुढे नॉब्लरांची फळी आणि मागे लेडबेल्चर ही रचना म्हणूनच चालते. पुढे ऑगर बुल्स, म्हणजे त्यांचं उंच पायदळ, उभे केलेत तर मात्र एम्पायरसारखीच गत.

स्केव्हन या उंदीरमाणसांच्या जमातीचे रॅटलिंग गनर्स हे बंदूकवाले गुलामांच्या मागून झाडत नाहीत म्हणून ओरड असते. त्यांनाही फट हवी. गुलामांना दोन-चार गोळ्या लागल्या तर उंदीरसेनापती अश्रू ढाळत नाही, हा त्या जमातीचा स्वभावच, पण झाडायलाच जागा नसेल तर तेवढंही व्हायचं नाही. त्यांच्या लांब बंदुकांच्या वॉरप्लॉक जेझेल्सचा पल्ला खूप मोठा, त्यांना दूर एका टोकाला उंचवट्यावर ठेवून फक्त मोठ्या लक्ष्यांवर लावा.

झाडी आणि तटबंदी

झाडीत दडलेला शत्रू दिसल्याशिवाय त्याच्यावर झाडता येत नाही, आणि दिसला तरी झाडांची खोडं गोळ्या खातात. आपली तुकडी दाट झाडीच्या कडेला उभी करायची असेल तर कडेच्या बाहेर चार पावलं आणा. 'स्टॉक' असलेल्या तुकड्या उघड्या मैदानातही जवळ येईपर्यंत लपून राहतात. 'स्नाइप' असलेल्या तर झाडतानाही दिसत नाहीत. तुमची माणसं मरतायत आणि समोर कोणीच नाही, अशा वेळी बंदूकवाल्यांना दोष देऊ नका, एखादी वेगवान तुकडी त्या दिशेने पाठवून शत्रू उघडा करा.

तटावर कठड्याशी उभ्या माणसांनाच खालचं नीट दिसतं. शत्रू तटाच्या पायथ्याशी आला की सरळ गोळीला कोनच राहत नाही. तटावर धनुर्धारी ठेवा, बंदूकवाले आतल्या सरळ रस्त्याच्या टोकाशी, जिथे फुटलेल्या दरवाजातून शत्रू रांगेने येणार आहे. लांब आणि मोकळी गल्ली असेल तर दोन तुकड्या अख्खा लोंढा थोपवतात. अट एकच: गल्ली अडवणारे तुमचे भालेवाले त्यांच्या थेट समोर नकोत, कोपऱ्यावर आडवे हवेत.

झाडतात, पण आपलेच मरतात

हा त्याच दुखण्याचा दुसरा चेहरा. लढाई भिडल्यावर अंगाला अंग लागलेलं असतं आणि चुकलेली गोळी आपल्या माणसाला लागते. या खेळात मित्राचा मारा खरा आहे. भिडलेल्या गर्दीवर झाडायचं असेल तर शत्रूच्या पाठीमागच्या बाजूला, अजून न भिडलेल्या तुकडीला लक्ष्य करा, किंवा फायर ॲट विल तेवढ्यापुरतं बंद करून प्रत्येक तुकडीला हाताने निशाणा द्या. चार तुकड्यांना चार वेगळे निशाणे देण्यापेक्षा दोघींना मिळून एक द्या. तुकडी फुटली की पुढची.

आणि खरोखरच बग असेल तर

बटणं बरोबर, पल्ल्यात शत्रू, समोर मोकळं, कॅमेरा खाली नेऊन खात्री केली, तरी गोळी सुटत नाही. असं क्वचित होतं, पण होतं. तुकडी एका वेड्यावाकड्या जागी अडकते: दगडाची कड, तुटलेली भिंत, दोन उतारांची सांध. अशा वेळी काही माणसं हलत राहतात, रांग पुरी होत नाही आणि तुकडी स्वतःला तयारच समजत नाही.

आधी बॅकस्पेस. मग फायर ॲट विल बंद करून पुन्हा चालू. तरी नाही तर तुकडीला दहा-पंधरा पावलं बाजूला हलवून नव्याने रांग ओढा, या वेळी रुंद आणि उथळ. स्पेसबार दाबून बघा की प्रत्येक माणसाची उभं राहण्याची जागा मोकळ्या जमिनीवर आहे ना. एकदोन खुणा भिंतीत किंवा खडकावर असतील तर तीच अडचण. कुलूप लावलेल्या गटात ती तुकडी असेल तर गटातून बाहेर काढा. गटाला मिळून हल्ल्याचा हुकूम दिला की आपली रचना सांभाळत सगळे चालू लागतात आणि झाडायचं राहून जातं.

हे प्रत्येक लढाईत, प्रत्येक नकाशावर होत असेल तर संशय मॉडवर, म्हणजे खेळाडूंनी बनवलेल्या जोडांवर, घ्या. तुकड्यांचा आकार, माणसांमधलं अंतर किंवा गोळीचा मार्ग बदलणारी मॉडं पॅच आल्यावर जुनी पडतात आणि असाच गोंधळ घालतात. लाँचरमध्ये सगळ्या मॉडांच्या खुणा काढा, वरची किस्लेव-नर्गल चाचणी पुन्हा लावा. बिनमॉडचं नीट चाललं तर मॉडं निम्मी निम्मी करून लावत जा. ३२ मॉडं असली तरी पाच फेऱ्यांत गुन्हेगार सापडतो. बिनमॉडचंही बिघडलेलं असेल तर स्टीमच्या लायब्ररीत खेळाच्या नावावर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, इन्स्टॉल्ड फाइल्स, आणि तिथे फाइलींची तपासणी चालू करा. डिस्क हळू असेल तर चहा करून या. तपासणीनंतर मॉडांच्या खुणा पुन्हा लागलेल्या नाहीत ना ते लाँचरमध्ये बघूनच खेळ सुरू करा.